हा पट्टा कशाने मेला

साहेब ड्यूटीवर असताना कच्चा कांदा खायचे नाहीत. डब्यात कोशिंबीर आली तर टोमॅटो वेचून खायचे आणि कांदा शेजारी बसलेल्या हरेश्वरच्या डब्याच्या झाकणात सरकवायचे. उपास नाही, व्रत नाही, पोटाची तक्रारही नाही. कांद्याने नाक बिघडतं आणि बिघडलेल्या नाकाने गाडी तपासता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर एका बाजूला बोंबील वाळत घातलेले, दुसऱ्या बाजूने खाडीचा वारा, आणि मधे हा माणूस रोज संध्याकाळी गाडीपुढे उकिडवा बसून डोळे मिटून रबराचा वास घ्यायचा. आणि त्याला तो यायचा.

गाडी म्हणजे वाळूत चालणारी, चार जाड टायरांची, उघडी, मागे स्ट्रेचर बांधायची सोय असलेली. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांसाठी ठेवलेली ती एकच होती. ती चालती ठेवायचं कंत्राट अंधेरीतल्या एका लहानशा कंपनीकडे होतं आणि त्या कंपनीत मी इंजिनीअर म्हणून लागले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते. आजोबा गिरणीत होते, वडील घाटकोपरला एका सोसायटीत पाण्याचे पंप चालवायचे. मी पास झाले तेव्हा वडिलांनी त्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर जाऊन पेढे वाटले आणि त्या दिवशी पाणी अर्धा तास उशिरा सोडलं. कोणी काही बोललं नाही. आईला मात्र नोकरीची जागा कळल्यावर पटेना. "इतक्या शिकलंस ता रेतीत गाडी ढकलूक?" असं तिने विचारलं, आणि पहिला आठवडाभर मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

साहेब कंपनीचे तांत्रिक सल्लागार. म्हणजे माझे वरिष्ठ. आयुष्यभर ट्रॉम्बेला सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले. तिथे काय काम करायचात असं कोणी विचारलं की "थंड ठेवायचो" एवढंच सांगायचे. काय थंड ठेवायचे, ते सांगायचे नाहीत. राहायला मुलुंडला. कडक इस्त्रीचा पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यांत खोचलेली, पायांत काळे बूट. किनाऱ्यावर बूट घालून फिरणारा दुसरा माणूस मी तिथे पाहिला नाही. पाऊस आला की छत्री उघडायचे आणि ती गाडीवर धरायचे. स्वतः भिजायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "इंजिनीअर, पट्टा कशाने मरतो?"

मला या प्रश्नाची अपेक्षाच होती. अशा गाडीत साखळी नसते. आपल्या स्कूटीत असतो तसाच रबराचा पट्टा असतो, फक्त जाड. दोन पुलींवर फिरतो आणि इंजिनाची ताकद चाकांकडे नेतो. तो घसरला की तापतो, तापला की त्याची कड काचेसारखी गुळगुळीत होते, गुळगुळीत झाली की आणखी घसरतो, आणि एक दिवस तुटतो. बाकी गाडी ठणठणीत असते, इंजिन ओरडत असतं, पण चाक हलत नाही. हे सगळं मी एका दमात सांगितलं.

"बरोबर," साहेब म्हणाले. "शंभर टक्के बरोबर. आता घरच्या लोकांना भेटा."

असं म्हणून त्यांनी मला शेडच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. तिथे खिळ्यांवर जुने मेलेले पट्टे टांगलेले होते. लोकांच्या घरात पूर्वजांचे फोटो असतात तसे, ओळीने. साहेब एकेकाची ओळख करून द्यायला लागले. हा पाणी पिऊन मेला, भरतीच्या पाण्यात गाडी घातली आणि झाकणातलं पाणी काढलं नाही. हा वाळूने गेला, हवा आत जायच्या पाइपातून वाळू गेली. हा बिचारा उलटा बसवला होता, पट्ट्यावरच्या बाणाची दिशा बघितली नाही. आणि हा घाईने.

"घाईने म्हणजे?"

"उभ्या गाडीला एकदम सगळा ॲक्सिलरेटर दिला. पुली फिरली, पट्टा जागेवर. एकाच ठिकाणी भाजला. हात लावा."

मी हात लावला. पट्ट्याला एका ठिकाणी खरंच कंबर आली होती, बोटाला कळेल एवढी. तो खड्डा माझ्या बोटाला अजून आठवतो.

साहेब सगळ्यांना अहो-जाहो करायचे. हरेश्वर हा तिथला जीवरक्षक, वर्सोव्याच्याच कोळीवाड्यातला, साहेबांच्या निम्म्या वयाचा. गाडी बहुतेक वेळा तोच चालवायचा. त्यालाही "अहो हरेश्वर, आपण शहाणे आहात का?" असं विचारायचे. हरेश्वर मला म्हणायचा, यार, हे सरळ शिव्या का देत नाहीत? शिवी दिली तर माणूस विसरून तरी जातो.

हरेश्वरचं आणि साहेबांचं मुख्य भांडण गियरच्या दांड्यावरून. त्या दांड्यावर दोन खुणा असतात, एक ताकदीची आणि एक वेगाची. मऊ वाळू, चढ किंवा ओझं असेल तर ताकदीचा गियर, असा साहेबांचा नियम होता आणि तो ते पाढ्यासारखा म्हणून घ्यायचे. ताकदीच्या गियरमध्ये गाडी हळू जाते. किनाऱ्यावर फिरायला आलेली पोरं हसतात, आणि हरेश्वरला ते झोंबायचं. एकदा तो म्हणाला, हा गियर लेडीजसाठी आहे. मी म्हटलं, चल, मग मी चालवते, तू मागे स्ट्रेचरवर झोप. बाकीचे जीवरक्षक त्याला आठवडाभर पेशंट म्हणत होते. त्यानंतर गियरचं भांडण बरंच कमी झालं.

गाडी जोरात पळून आली की लगेच बंद करायची नाही, हा आणखी एक नियम. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे आतला पंखा फिरत राहतो आणि पट्टा निवतो. किती वेळ? तर साहेबांचा चहा संपेपर्यंत. आणि साहेब चहा असा प्यायचे की बघणाऱ्याला झोप यावी. बशीत ओतायचे, फुंकायचे, पुन्हा कपात ओतायचे. एकदा त्यांच्या पत्नीचा फोन आला होता. साहेब फोन नेहमी स्पीकरवर टाकून हातभर लांब धरायचे, त्यामुळे त्यांचे फोन सगळ्यांचेच असायचे. काकू म्हणाल्या, "थंड झाला असेल तुमचा पट्टा, तर या जेवायला. भाजीपण थंड झालीय."

माझं त्यांच्याशी एकदाच खरं वाजलं. पट्ट्याला हवा देणारा पाइप सीटखाली, खाली तोंड करून होता आणि पुढच्या चाकांनी उडवलेली वाळू त्यात जायची. मी म्हटलं, तो वर घेऊ, हँडलच्या उंचीला, आणि तोंडाला जाळी लावू. साहेबांना ते आवडलं नाही. बनवणाऱ्याने विचार करून खाली दिला असेल. मी म्हटलं, बनवणाऱ्याने वर्सोवा पाहिलेलं नाही. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी आले तर पाइप वर घेतलेला होता आणि तोंडाला साहेबांचा स्वतःचा इस्त्री केलेला रुमाल बांधलेला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "जाळी बारीक मिळेपर्यंत." आणि त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायला लागले की हा पाइप आमच्या इंजिनीअरने वर घेतला. मासे विकायला बसलेल्या मावशींनाही सांगितलं. मावशींनी मला एक सुरमई कमी भावात दिली, एवढा त्याचा फायदा झाला.

गर्व होता त्यांना. आपण बरोबर होतो हे ते दहा वेळा बोलून दाखवायचे. रिक्षात बसले तर रिक्षावाल्याला शिकवायचे. पण दुसऱ्याचं बरोबर निघालं तर तेही दहा वेळा सांगायचे. असा गर्विष्ठ माणूस मी नंतर पाहिला नाही.

मी लागले त्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. दसऱ्याला आपल्याकडे गाडीची पूजा करतात, तशी जीवरक्षकांनीही करायचं ठरवलं. सकाळी गाडी धुतली, टायरना काळं पॉलिश लावलं, झेंडूची माळ घातली. हरेश्वरच्या मनात आलं, साहेब ज्या पट्ट्यासाठी एवढा जीव टाकतात त्याची पूजा राहून चालेल का. त्याने बाजूचं झाकण उघडलं आणि टायरचं तेच पॉलिश पट्ट्याला लावलं. नीट, कापडाने, दोन्ही कडांना. वर कुंकवाचं बोटही लावलं.

साहेब आले, पेढा घेतला, गाडीपाशी बसले आणि बसल्या बसल्या थांबले. तोंडाशी पेढा तसाच, नाक पट्ट्याच्या झाकणाकडे. मग झाकण उघडलं. पट्टा नव्या बुटासारखा चमकत होता.

हरेश्वर हसत उभा होता. त्याला शाबासकी हवी होती.

मला वाटलं, आता होणार. पण साहेबांनी नुसता पाना मागितला. तो पट्टा गेलाच होता. पॉलिश रबरात मुरतं, मग तो पकड घेत नाही. आम्ही तो काढला, पुली स्पिरिटने पुसल्या, नवा बसवला आणि दिवसभर गाडी बैलगाडीच्या चालीने चालवली, कारण नवा पट्टा पहिल्या दिवसापासून पळवला की लवकर मरतो. संध्याकाळी साहेबांनी तो कुंकू लावलेला पट्टा भिंतीवरच्या ओळीत टांगला. नंतर कोणी पाहुणा आला आणि हा कशाने मेला असं विचारलं की ते म्हणायचे, "हा लाडाने गेला." हरेश्वर समोर असेल तर मात्र पुढचं सांगायचे नाहीत.

पुढच्या दसऱ्याला वेगळंच झालं.

दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी देवीचं विसर्जन असतं. किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. जवळच्या एका मोठ्या मंडळाची देवी ट्रॉलीवरून आली आणि मऊ वाळूत ट्रॉलीची चाकं रुतली. ट्रॅक्टर रस्त्याकडेला गर्दीत अडकलेला. मंडळाचे अध्यक्ष, त्यांना सगळे दादा म्हणतात, ते सरळ आमच्या शेडकडे आले आणि म्हणाले की ही गाडी लावा आणि ओढून द्या.

साहेब म्हणाले, "नाही जमणार."

दादांना नाही ऐकायची सवय नव्हती. ते समजावणीने बोलले, मग आवाज चढला. देवीचं काम आहे, तुम्हाला लाज वाटत नाही का, असंही झालं. ताकदीच्या गियरमध्ये ओढा, असं त्यांच्यातला एक गाडीतलं कळणारा म्हणाला. तेव्हा मी पुढे झाले. मी सांगितलं की ट्रॉली या गाडीच्या कितीतरी पट जड आहे आणि चाकं आसापर्यंत गेलीत. कुठल्याही गियरमध्ये पट्टा जळेल. नवा आहे आमच्याकडे, पण तो बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पाण्यात काहीही होऊ शकतं, आणि आज या किनाऱ्यावर दुसरी गाडी नाही. कोणी ऐकून घेतलं, कोणी नाही. बाई काय सांगते, असा एक आवाज मागून आला. त्याच्याकडे हरेश्वरने मान वळवून पाहिलं, एवढंच.

दादांनी कंपनीच्या शेठना फोन लावला. शेठ त्यांच्या ओळखीतले. दोन मिनिटांनी साहेबांचा फोन वाजला आणि सवयीप्रमाणे त्यांनी तो स्पीकरवर टाकून लांब धरला.

"अहो, ओढून द्या ना," शेठ म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटांचंच आहे. तेवढ्यात पट्टा जातो."

"गेला तर गेला. दुसरा घेऊ."

"आज रात्री कोणी बुडालं तर?"

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मग शेठ म्हणाले, "हे बघा, मला वाद नको. ओढायची नसेल तर उद्यापासून येऊ नका."

सगळ्यांनी ऐकलं. दादांनी, त्यांच्या माणसांनी, जीवरक्षकांनी, मी. साहेबांनी फोन जवळ घेतला, जसं काही आत्ताच नीट ऐकू यायला हवं होतं.

"बरं," ते म्हणाले. "आजची ड्यूटी माझी आहे ना?" आणि फोन खिशात घातला.

मग ते खाली बसले आणि बूट काढायला लागले. इतक्या दिवसांत मी त्यांचे पाय पहिल्यांदा पाहिले. बूट गाडीच्या सीटवर ठेवले, मोजे बुटांत कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हरेश्वरला म्हणाले की तुमच्या लोकांकडून होडीखाली घालायच्या फळ्या आणा. हरेश्वरचे काका आणि आणखी चौघे फळ्या घेऊन आले. चाकांपुढची वाळू हाताने काढली, फळ्या घातल्या, ट्रॉलीला जाड दोर बांधला. आणि साहेब तो दोर हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. देवीपुढे हात जोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही जोडले नाहीत. दोर धरलेला होता.

दादांची पोरं एकदम हिसका द्यायला निघाली तर साहेब ओरडले, "अहो, झटका नको. आधी नुसता ताणा. ताणला? आता पाय रोवा. आता हळू."

ट्रॉली हलली. पहिल्यांदा वीतभर, मग फळीवर चढली, मग चालायलाच लागली. दादाही दोराला लागले. त्यांना लागावंच लागलं, इतके लोक त्यांच्याकडे बघत होते. ढोलवाल्यांनी ताल धरला. मी आणि हरेश्वर गाडीपाशीच राहिलो. तसं आम्हाला सांगितलं होतं.

देवी पाण्याला टेकायच्या आत पलीकडच्या टोकाकडून शिट्ट्या आल्या. खडकांच्या बाजूला एक बाई कोसळली होती. पाण्यात नव्हे, वाळूवरच, गर्दीत. छातीत दुखतंय म्हणत होती. तिथून रस्ता लांब आणि ॲम्ब्युलन्स वाळूत येऊ शकत नाही. हरेश्वरने गाडी काढली. ताकदीचा गियर, हळू सुरुवात, सगळं न सांगता. येताना मी मागे स्ट्रेचरशेजारी बसून त्या बाईचा हात धरला होता. तिची मुलगी सोबत होती आणि ती मला एकच विचारत होती, पोचू ना आपण? मी म्हणत होते, पोचू. गाडी मऊ वाळूतून, माणसांतून वाट काढत सरळ रस्त्यापर्यंत गेली. ॲम्ब्युलन्सचं दार लागलं. त्या बाईचं पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

परत आलो तेव्हा साहेब शेडपाशी होते. कमरेपर्यंत भिजलेले, शर्ट गुलालाने लाल, तळहात दोराने सोललेले. गाडी येताच खाली बसले, पट्ट्याच्या झाकणाशी नाक नेलं आणि तसेच राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

"मला आज गुलालाशिवाय कशाचा वास येत नाहीये," ते म्हणाले. "तुम्ही घ्या."

मी वाकून वास घेतला. गरम इंजिन, खारा वारा. जळकं काही नाही.

"नाही येत."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान डोलावली आणि बूट शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा मला फोन आला. आजपासून किनाऱ्याचं सगळं तू बघ, म्हणाले. आणि साहेब आले तर त्यांना सांग की यायची गरज नाही. मला ती नोकरी हवी होती. साहेबांची जागा तर फारच हवी होती. आईला उत्तर द्यायला त्याहून बरं काय मिळणार होतं? पण माझ्या तोंडून निघालं, "काम मी बघेन, शेठ. पण हे मी सांगणार नाही. तुम्ही येऊन सांगा." त्यांनी फोन ठेवून दिला, आणि मला वाटलं, आता दोघांचीही गेली.

साहेब नेहमीच्या वेळेला आले. नवा पांढरा शर्ट, तळहातांना पट्ट्या. नेहमीसारखं गाडीचं झाकण उघडून खाली वाळूवर चटई टाकून आडवे झाले. मी त्यांना काही सांगितलं नाही. अकराच्या सुमाराला शेठ आले. पांढरे शूज, हातात महागडा फोन. वाळूत शूज रुतत होते, ते सांभाळत ते गाडीपाशी येऊन उभे राहिले आणि घसा खाकरला.

"मला जरा बोलायचं होतं."

"बरं झालं आलात," खालून आवाज आला. "तुमच्या फोनला टॉर्च आहे ना? इथे धरा जरा. खाली वाका. अजून. हं."

शेठ वाकले. आधी वाकले, मग त्यांना गुडघे टेकावे लागले. ते बोलायला तोंड उघडायचे आणि साहेब म्हणायचे, हलू नका. मग साहेबांनी त्यांना पट्ट्याची कड दाखवली, चमक आलीय का बघा म्हणाले. पुलीवरून बोट फिरवायला लावलं. काल ही गाडी कुठून कुठे गेली, कोणाला घेऊन गेली, हे पट्टा साफ करता करता सांगितलं, ओढण्याबद्दल एक अक्षर न काढता. मधे शेठचा फोन वाजला. ते हात काढायला गेले तर साहेब म्हणाले, "वाजू द्या, उजेड जातो." फोन वाजून वाजून बंद झाला. हरेश्वर शेडच्या दारात तोंडावर हात धरून उभा होता.

झाकण बसलं तेव्हा शेठच्या गुडघ्यांना वाळू आणि बोटांना काजळी होती. ते उभे राहिले. साहेबही उठून उभे राहिले, हात पुसत, त्यांच्याकडे बघत, काय बोलायचंय ते ऐकायला तयार. शेठनी आपल्या काळ्या बोटांकडे पाहिलं. मग शेठ म्हणाले, "जादा पट्टा एकच आहे का आपल्याकडे?"

"एकच."

"दोन ठेवा," असं म्हणून ते रुमालाने बोटं पुसत रस्त्यावरच्या आपल्या गाडीकडे चालायला लागले. काजळी जात नव्हती.

त्यांची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत साहेब बघत राहिले. मग चटई झटकली.

"माणूस बरा आहे," ते मला म्हणाले. "हात जरा थरथरतो."